ही कळ कोणासाठी?

२०१८च्या जून महिन्यात ऑकलंडला राहणाऱ्या आमच्या भाच्याने एक जुनी जपानी गाडी विकत घेतली आणि पुढच्या दोन दिवसांत आम्हांस एकोणीस छायाचित्रे धाडली. गाडी कशी दिसते हे दाखवणारे छायाचित्र त्यांत एकच होते. बाकीची अठरा बटणांची, खाचांची, खटक्यांची, चिकटवलेल्या कागदांची आणि एका तांबड्या नळीची. सोबत मजकूर होता : ‘‘मामा, तुम्ही ताम्रपटांवर तास घेता ना? मग एवढे वाचून दाखवा.’’

टोमणा आमच्या जिव्हारी लागला नाही, कारण तो खरा होता. वाशीमच्या महाविद्यालयात मराठी शिकवताना वाशीमच्या ताम्रपटांविषयी आम्ही वर्षानुवर्षे बोलत आलो. प्रत्यक्ष ताम्रपट वाचण्याची विद्या आमच्याकडे नाही. जपानी तर भाच्यालाही येत नाही आणि आम्हांसही नाही. तरीही त्या अठरा छायाचित्रांपाशी आम्ही काही महिने अडखळलो, चुकलो, एका चुकीबद्दल अजूनही स्वतःला माफ करू शकलो नाही. त्यातून जे हाती लागले ते मोटारीविषयी थोडे आणि वाचनाविषयी बरेच आहे. म्हणून ते साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे व शिक्षकांपुढे ठेवण्याचे धाडस करतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. जपानी वाहन वाशीमला नवे नाही. सुझुकीच्या साच्यावर घडलेली मारुती ८०० पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी. हिरो होंडाची मोटारसायकल १९८५ पासून रस्त्यावर आली. रिसोड-मालेगावच्या कच्च्या रस्त्यांनीही ही वाहने केव्हाच आपली मानली. परंतु ती आपल्याकडे आली ती भाषांतरित होऊन. बटणांवरची अक्षरे आपल्याला वाचता येतील अशी, पुस्तिका इंग्रजीत, आणि आपल्याकडे ज्याची गरज नाही ते वगळलेले. जपानमधल्या कुटुंबाने वापरलेली गाडी जशीच्या तशी वाशीमला दिसत नाही. जुनी मोटार भारतात आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी नसावी अशी अट आहे आणि वर भरभक्कम सीमाशुल्क. त्या वाटेने कोणी जात नाही.

न्यूझीलंडची गोष्ट वेगळी. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस जुन्या जपानी गाड्यांच्या आयातीवरचे निर्बंध सैल झाले. १९९८ साली मोटारींवरचे आयातशुल्क गेले आणि देशातले जुळणी-कारखानेही बंद पडले. दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूने चालतात. शिवाय जपानमध्ये नव्या गाडीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. तिचा खर्च मोठा असल्याने तिथले लोक चांगल्या चालत्या गाड्याही लवकर काढून टाकतात. त्या बोटीने ऑकलंडला उतरतात. जपानी गाडीला जन्मतः सतरा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक नसतो, सांगाड्यावर कोरलेला छोटा क्रमांक असतो. न्यूझीलंडमध्ये तिला ‘७ए८’ने सुरू होणारा नवा क्रमांक मिळतो. सासरी आलेल्या मुलीचे नाव बदलावे तसे हे आहे. कागदोपत्री नाव बदलते. आतल्या सवयी माहेरच्याच राहतात.

भाच्याची गाडी अशीच होती. किल्ली फिरवली की एक बाई अतिशय अदबीने जपानीत एक वाक्य बोलत. भाच्याची धाकटी मुलगी त्यांना रोज नमस्कार करी. सुनेला वाटले, पट्टा बांधा असे सांगत असतील. पट्टा बांधला तरी वाक्य तेच. भाच्याला वाटले, काहीतरी बिघाड आहे आणि त्याची सूचना मिळते आहे. दोन आठवडे तो त्या आवाजाच्या धास्तीने गाडी हळू चालवी. शेवटी त्याच्या कचेरीतल्या जपानी जाणणाऱ्या सहकाऱ्याने ऐकून सांगितले : बाई एवढेच म्हणतात की कार्ड घातलेले नाही. जपानच्या द्रुतगती मार्गांवर २००१ पासून पथकर आपोआप वळता करण्याची व्यवस्था आहे. गाडीत एक छोटी पेटी असते, तिच्यात बँकेच्या कार्डासारखे कार्ड सरकवायचे, नाक्यावरचा आडवा दांडा उघडतो. कार्ड विसरून माणूस नाक्यावर अडकू नये म्हणून पेटी आठवण करते. आज समृद्धी महामार्गावरून कारंज्याच्या बाजूने जाताना काचेवरचा फास्टॅग ज्या कामी येतो, तेच हे काम. त्या बाई कित्येक वर्षे इमानाने बोलत होत्या. त्यांचा नाका मात्र हजारो मैल मागे राहिला होता.

रेडिओची तक्रारही अशीच. गाडीचा रेडिओ शहरातली दोनचारच केंद्रे पकडी. भाचा तो बदलून घ्यायला निघाला होता. जपानमध्ये एफएम प्रसारणासाठी अनेक वर्षे ७६ ते ९० मेगाहर्ट्झ हा पट्टा होता, न्यूझीलंडमध्ये तो साधारण ८८ ते १०८. दोन पट्टे जेवढे एकमेकांवर येतात तेवढेच ऐकू येणार. रेडिओत दोष नव्हता. त्याचे ऐकण्याचे क्षेत्र निराळे होते. बंपरच्या डाव्या कोपऱ्यातून बटण दाबताच वर येणारी बारीक काठी भाच्याने आधी या रेडिओचीच अँटेना ठरवली. ती अँटेना नव्हती. अरुंद गल्लीत गाडी वळवताना चालकाला न दिसणारा डावा कोपरा कुठवर आहे, हे दाखवणारी ती खूणकाठी होती. मागच्या काचेवरची अंक असलेली गोल चकती सर्वांना कंपनीची शोभेची मुद्रा वाटली होती. जपानमध्ये १९६२च्या कायद्याने गाडी ठेवायला जागा असल्याचे पोलिसांना दाखवल्याखेरीज सहसा गाडी नोंदवता येत नाही. ती चकती त्याची खूण. चकती देण्याची ही पद्धत एप्रिल २०२५ पासून बंद झाली, कायदा आहेच.

इथवरच्या चुका हसण्यावारी नेता येतील. पुढच्या दोन तशा नाहीत.

डाव्या बाजूला पाय ठेवतात तिथे कडेला खोचलेली एक तांबडी नळी होती, विटी-दांडूतल्या विटीहून थोडी मोठी. मुलीने ती विजेरी समजून काढली आणि टोपण फिरवू लागली. सुनेने वेळीच पाहिले. नळीवरच्या अक्षरांवर फोन धरला तर फोनने ज्वाला आणि नळी अशा अर्थाचे काहीतरी मोडकेतोडके सांगितले. त्यावरून भाच्याने ती आग विझवण्याची नळी ठरवून पुन्हा जागेवर ठेवली! प्रत्यक्षात ती पेटवायची होती. अपघात झाला किंवा रुळांवर गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी जपानी गाडीत अशी इशाऱ्याची नळी ठेवावी लागते. टोपणाच्या खरबरीत टोकावर आगकाडीसारखी घासली की सुमारे पाच मिनिटे तांबडी ज्योत जळते. आग लागली असता भाच्याने ती आगीवर रोखली असती. फोनने शब्द चुकवला नव्हता. शब्दांच्या मधला व्यवहार त्याला ठाऊक नव्हता, आणि तो नसल्याने अर्थ नेमका उलटा झाला.

दुसरी चूक एका कागदाची. दाराच्या खांबावर तेल बदलल्याची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर ‘२९.६.१२’ आणि पुढे एकसष्ट हजारांच्या आसपास किलोमीटर. भाच्याने ती आपल्या रिवाजाने वाचली : २९ जून २०१२. म्हणजे २०१२ सालीच गाडी एकसष्ट हजार धावलेली; आणि २०१८ मध्ये विकत घेताना काटा चौसष्ट हजारांवर! सहा वर्षांत तीन हजार? काटा मागे फिरवला, विक्रेत्याने फसवले, असा निष्कर्ष त्याने काढला. आम्हीही दुजोरा दिला. तक्रारीचा मसुदाही आमच्याकडून तपासून घेतला गेला. त्या मसुद्यातली शुद्धलेखनाची एक चूक आम्ही सुधारली. तारखेकडे पाहिले नाही.

त्याच आठवड्यात वर्गात वाशीमचा ताम्रपट आला. हा तास आम्ही इतक्यांदा घेतला आहे की टिपणे पाहावी लागत नाहीत. १९३९ साली सापडलेले विंध्यशक्ती दुसरा या वाकाटक राजाचे ताम्रपट. दान वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून दिलेले. वंशावळ संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. कालनिर्देश राजाच्या राज्यारोहणापासूनचे सदतिसावे वर्ष. ‘‘सर, सदतिसावे म्हणजे इसवी सन कितवे?’’ असे एका मुलीने विचारले. आम्ही नेहमीचे उत्तर दिले : ‘‘कोणाचे सदतिसावे हे आधी ठरवावे लागते.’’ बोलता बोलता आमच्या डोळ्यांसमोर ती तेलाची चिठ्ठी आली.

जपानमध्ये आजही सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षे रोजच्या वापरात आहेत. हेइसेइ हे पर्व १९८९ मध्ये सुरू झाले. त्याचे एकोणतिसावे वर्ष म्हणजे २०१७. आणि तिथे तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहितात. चिठ्ठी म्हणत होती : १२ जून २०१७. त्यानंतर सुमारे वर्षभरात गाडी तीन हजार किलोमीटर चालली आणि बोटीत चढली. काटा खरा होता, विक्रेता खरा होता. एका परक्या गृहस्थावर लबाडीचा आळ घेण्याच्या बेतात आम्ही होतो, कारण दुसऱ्याच्या कालगणनेला आम्ही आपली कालगणना समजलो. तास संपवून खोलीत आलो आणि भाच्याला आधी कळवले. तक्रार गेली नव्हती, हे आमचे नशीब.

या प्रसंगाने आमची थोडी मस्ती उतरली आणि आम्ही ती अठरा छायाचित्रे घेऊन पुसद नाक्याकडच्या एका गॅरेजात गेलो. तिथले मिस्त्री आमच्या जुन्या ओळखीचे. त्यांनीही जपानहून आलेली गाडी कधी पाहिलेली नव्हती. फोनवर एकेक छायाचित्र मोठे करून ते बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘सर, हे काय हाय ते मागून पाहू. आधी हे कोनं बसोलं ते पाहा. कंपनीनं, शोरूमवाल्यानं, का मालकानं? आन् कोनासाठी बसोलं?’’

मग त्यांनी खुणा सांगितल्या. कंपनीच्या तारेला कपलर असतो, ती खाचेतून नीट नेलेली असते. मागून जोडलेल्या तारेवर काळी टेप दिसते. कंपनीच्या बटणाची जागा आधीपासून साच्यात असते. मालकाने बसवलेल्या बटणासाठी प्लॅस्टिक कापलेले दिसते. डॅशबोर्डवर जिथे नुसते झाकण आहे, दाबले तर काहीच होत नाही, ते ‘डमी’. ते वाया गेलेले नसते. याच गाडीच्या महाग आवृत्तीत तिथे काहीतरी होते, हे ते सांगते. भागावर क्रमांक असेल तर तो पाहा. टोयोटाच्या सुट्या भागांचा क्रमांक बहुधा पाच-पाच अंकांच्या दोन गटांत असतो आणि पहिला गट भाग कोणत्या जातीचा हे सांगतो. शून्य-आठने सुरू झाला तर ती शोरूममध्ये बसवायची कंपनीचीच जोड-वस्तू. एवढे मिस्त्री एका अक्षराचे जपानी न जाणता सांगत होते.

आम्ही मनाशी म्हटले, ही तर पाठचिकित्सा. मूळ लेखकाचे काय, लेखनिकाने घातलेले काय, पुढच्या वाचकाने समासात लिहिलेले काय, हे वेगळे काढल्याखेरीज अर्थाची भाषा करायची नाही, हे आम्ही पदव्युत्तर वर्गात शिकवतो. गाळलेल्या ओळीच्या रिकाम्या जागेलाही पुरावा मानायचे, हेही शिकवतो. गॅरेजातल्या मिस्त्रींचे ‘डमी’ त्याहून निराळे नाही. फरक एवढाच की त्यांना ते रोज वापरावे लागते.

वाशीमच्या ताम्रपटांचेच उदाहरण घ्या. ते सापडण्यापूर्वी वाकाटकांची वत्सगुल्म शाखा म्हणून काही वेगळे आहे हे इतिहासाला ठाऊक नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेख एकोणिसाव्या शतकातच वाचला गेला होता; पण झिजलेल्या अक्षरांच्या जागी अभ्यासकांनी आपल्याला माहीत असलेल्या दुसऱ्या शाखेतल्या राजांची नावे वाचली. वाशीमच्या पत्र्यांवर सर्वसेन आणि विंध्यशक्ती स्पष्ट दिसल्यावर वा. वि. मिराशींना अजिंठ्याच्या लेखातील नावे नव्याने वाचता आली. आधीचे वाचक अडाणी नव्हते. डोळ्यांना जे अर्धे दिसले ते त्यांनी ओळखीच्या गोष्टीने पूर्ण केले, एवढेच. भाच्याने काठीची अँटेना केली ती याच रीतीने. अपुरे दिसले की माणूस ओळखीचे तेच पाहतो. आणि या चुकीचा त्रास हा की ती चूक म्हणून जाणवतच नाही; उलट आकलन झाल्याचे समाधान देते.

आमचे मत असे आहे की साहित्याच्या वर्गात आज आपण नेमके हेच समाधान वाटतो. जात्यावरच्या ओवीवर आमचे विद्यार्थी चार पाने सहज लिहितात. स्त्रीचे दुःख, तिचा आवाज, तिचे अवकाश. यांतले काही खोटे नाही. पण एकाच खुंट्याला दोघी हात लावून जाते ओढतात, दळणाच्या फेऱ्याला ओळीची लांबी बांधलेली असते, अंधारातल्या या कामात सासूला ऐकू जाईल आणि जाणार नाही अशा दोन्ही गोष्टी गाता येतात, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. मोट आली की ‘कृषिसंस्कृतीचे प्रतीक’ हे उत्तर तयार असते; नाडा कोणता आणि सोंदूर कोणता, बैल धावेवरून ये-जा करताना माणूस मोकळा केव्हा असतो आणि म्हणून गाणे नेमके कोणत्या क्षणी सुरू होते, हे विचारले तर वर्ग गप्प. आम्ही ‘प्रतीक’ हा शब्द फोनच्या भाषांतरासारखा वापरतो. तो चुकत नाही. नळी कोणत्या टोकाने धरायची ते मात्र सांगत नाही.

आपल्या पूर्वसुरींना ही जाण होती. शिवछत्रपतींच्या काळातला राजव्यवहारकोश घ्या. त्यात शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग पाडलेले आहेत. परंपरा अमरकोशाची आहे हे खरे. तरी त्या रचनेचा परिणाम असा की शब्द ज्या जागी वापरला जातो त्या जागीच तो भेटतो. वस्तू कोणत्या कोठीतली, कोणाच्या हातातली, हे आधी कळते. यादृष्टीने आमच्या मिस्त्रींचा प्रश्न जुनाच म्हणायचा.

येथे जाणकार वाचक एक आक्षेप घेतील आणि तो गंभीर आहे. कळ कोणासाठी बसवली हे विचारणे म्हणजे निर्मात्याचा हेतू विचारणेच नव्हे काय? विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्येच लेखकाच्या हेतूवरून कृतीचा अर्थ वा मोल ठरवण्याला दोष म्हटले आहे. शिवाय कविता ही कळ नव्हे. तिचा उपयोग ठरलेला नसतो, आणि मूळ उपयोग संपल्यावरही ती जगते. हे सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु ‘निर्मात्याच्या मनात काय होते’ आणि ‘ही वस्तू कोणत्या व्यवहारात वावरत होती’ हे दोन प्रश्न एक नव्हेत. पहिल्याचे उत्तर बहुधा मिळत नाही. दुसऱ्याचे उत्तर खुणांत असते : तारेत, झिजेत, रिकाम्या खाचेत, तारखेच्या क्रमात. ते शोधून झाल्यावर वाचकाने नवा अर्थ जरूर लावावा. भाच्याची मुलगी आजही त्या जपानी बाईंना नमस्कार करते, आणि तो अर्थ आम्हांस कोणत्याही मूळ अर्थाहून कमी वाटत नाही. पण नळी पेटवायची की विझवायची, हे मुलीच्या कल्पनाशक्तीवर सोडता येत नाही. साहित्यातही अशा नळ्या आहेत. कोणाच्या जातीचा उल्लेख, कोणाच्या वैधव्याचा उल्लेख, एखादी शिवी, एखादे आदरार्थी बहुवचन : यांचा व्यवहार न जाणता केलेले वाचन कोणावर तरी आळ घेते किंवा कोणाला तरी पोळते.

आता ती चूक, जिच्याविषयी सुरुवातीस म्हटले.

आमच्या ताई, म्हणजे भाच्याच्या आई, २०१८च्या डिसेंबरात ऑकलंडला गेल्या. वय तेव्हा एकाहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. गाडीत बसताना त्या आधी दार धरीत, मग पाठ आत घालीत, मग दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत घेत. उतरताना सून हात देई. हे सुनेने आम्हांस फोनवर सांगितले. ताईंनी कधी सांगितले नाही. हळूहळू त्यांनी बाहेर जाणेच कमी केले. ‘‘माझ्यापायी तुमचा खोळंबा कशाला, तुम्ही जाऊन या,’’ असे म्हणू लागल्या. सातासमुद्रापार लेकाकडे गेलेली बाई खिडकीशी बसून राहू लागली.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही मिस्त्रींच्या प्रश्नाने पुन्हा एकदा अठरा छायाचित्रे पाहायला बसलो. सात क्रमांकाचे छायाचित्र डाव्या पुढच्या आसनाच्या कडेचे होते. आसन मागेपुढे करण्याचा खटका, पाठ कलती करण्याचा खटका, आणि दाराच्या बाजूला तिसरा एक. त्याविषयी भाच्याने जूनमध्येच लिहिले होते, ‘‘हा हलत नाही, मोडलेला असावा.’’ आम्हीही ‘‘असेल’’ म्हणून पुढे गेलो होतो. आता विचारले : हा कोणी बसवला? साच्यातच होता, म्हणजे कंपनीने. मग कोणासाठी? खटक्याशेजारी बोटभर चित्र होते. बसलेला माणूस आणि त्याच्याभोवती दाराकडे वळणारा बाण. ते चित्र जूनमध्येही तिथेच होते.

जपानमध्ये वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी अशा गाड्या कारखान्यातूनच निघतात. टोयोटा त्यांना ‘वेलकॅब’ म्हणते. काहींत पुढचे आसन दाराकडे वळते, माणूस रस्त्याकडे तोंड करून सरळ बसतो आणि आसनासकट आत फिरतो. भाच्याच्या गाडीत आसन ठराविक जागी सरकवल्याखेरीज तो खटका सुटत नव्हता. आम्ही कळवले त्या संध्याकाळी त्याने आसन सरकवले, खटका ओढला आणि आसन वळून दारात आले. त्या घरात, त्या दारात, आठ महिने ते आसन होते. त्यांतले अडीच महिने ताई पाय उचलून आत घेत होत्या.

मूळ मालकाच्या घरीही अशीच कोणी आई किंवा आजी असणार, एवढे आता आम्हांस त्या गाडीविषयी कळते. तिच्यासाठी कोणीतरी जास्तीचे पैसे मोजून ते आसन मागवले होते. जपानी न येताही हे वाचता आले असते. चित्राला लिपी लागत नाही. आम्ही वाचले नाही, कारण ‘मोडलेला असावा’ हे उत्तर हाताशी होते.

ताईंचे परतीचे तिकीट एप्रिलचे होते. राहिलेल्या सहा आठवड्यांत त्या समुद्र पाहून आल्या, बाजारात गेल्या, दोनदा देवळात गेल्या. परत आल्यावर आम्ही त्यांची क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अरे, तुला इथे बसून कसे कळणार?’’ आम्हांस कळायला हवे होते. आमचा पेशाच तो.

राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्येचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लावला आहे. वाशीमला साहित्य शिकवणाऱ्या प्रत्येकाला याचा अभिमान असतो, आम्हांसही आहे. परंतु तो विवाह सांगताना आम्ही विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की तो इथे झाला. पुढचा संसार कसा चालवायचा हे सांगत नाही. या वर्षीपासून आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात एक छोटा पाठ सुरू केला आहे. प्रत्येकाने घरातली एक अशी वस्तू आणायची की जिचे काम त्याला स्वतःला ठाऊक नाही, आणि तीन प्रश्नांची उत्तरे शोधून यायचे : ही कोणी केली, कोणी बदलली, आणि कोणासाठी. गेल्या महिन्यात एका मुलाने आजीच्या पेटीतला लाकडाचा एक तुकडा आणला. तो काय आहे हे अजून आम्हां कोणालाच कळलेले नाही. मोडलेला असावा, असे या वेळी कोणी म्हटले नाही.